रडारवर रंग नाही म्हणजे पाऊस नाही? या चुका टाळा

पावसाळ्यात, पाऊस कुठे आहे ते रंगांत दाखवणारं रडारचं चित्र एकमेकांना पाठवायची सवय आता अनेकांना लागली आहे. सवय चांगलीच आहे. पण ‘आपल्या गावावर रंग नाही, म्हणजे पाऊस नाही’ असं समजणं मला सर्वांत घातक वाटतं.

रत्नागिरीचंच घ्या. कुलाब्याच्या डॉप्लर रडारपासून ती सरळ रेषेत सुमारे 220 किमी. रडारची शलाका, म्हणजे त्यातून निघणारा रेडिओलहरींचा झोत, किंचित वर रोखलेली असते, त्यात पृथ्वीचा गोलावा. अर्धा अंश वर रोखलेली शलाका 100 किमीवर साधारण दीड किमी उंच असते आणि रत्नागिरीपर्यंत जाता जाता पावणेपाच किमीवर पोचते. कोकणातला मॉन्सूनचा बराचसा पाऊस उथळ ढगांतून पडतो. शलाका त्यांच्या माथ्यावरून निघून जाते. खाली पागोळ्या धो धो वाहत असतात आणि चित्र मात्र कोरं! अशा वेळी पणजीचं रडारही उघडावं. ते सुमारे 175 किमीवर, म्हणजे शलाका थोडी खाली, सव्वातीन किमीच्या आसपास. तरीही खात्री नाहीच. घाटाच्या आड तर सह्याद्रीच शलाका अडवतो. म्हणून रडारच्या वर्तुळाच्या कडेला असाल तर कोऱ्या चित्रावर विसंबू नका, उपग्रहाचं चित्र पाहा, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कुणाला तरी फोन करा.

एप्रिल-मेमध्ये याच्या उलट होतं. रंग दिसतो, पण थेंब खालच्या कोरड्या हवेत विरून जातात, अंगण कोरडंच राहतं.

रंगपट्टीवरचे डीबीझेडचे आकडे म्हणजे थेंबांवरून परत येणाऱ्या लहरींच्या जोराचं माप, पावसाचे मिलिमीटर नव्हेत. ढोबळ हिशेबाने 30 डीबीझेड म्हणजे ताशी अडीच-तीन मिमी, 40 म्हणजे अकरा-बारा. आकडा दहाने वाढला की पाऊस जवळपास चौपट होतो. पन्नाशीच्या पुढे मात्र गाराही असू शकतात आणि मग पावसाचा हा हिशेब फुगतो. ‘मॅक्स झेड’ नावाच्या चित्रात उभ्या स्तंभातला सर्वांत मोठा आकडा दाखवतात. तो पाच-सहा किमी उंचीवरचाही असू शकतो.

वेळ तर आधी तपासाच. चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा: 09:00 म्हणजे आपले दुपारचे अडीच. फिरत फिरत आलेलं चित्र कित्येकदा सकाळचंच निघतं.

आणि घाटावरचा रंग पुढे सरकत नाही म्हणून ‘तिकडेच अडकलाय’ असं म्हणत धबधब्याखाली उतरू नका. समुद्रावरून येणारी हवा डोंगराला धडकून वर चढते आणि त्याच जागी नवे ढग तयार होत राहतात. ठिपका हलत नाही, पण पाऊस तासन्‌तास त्याच ओढ्यात पडत असतो.