नवोदयला निघालेल्या पोराची पेटी भरताना

सहावीच्या निवड यादीत नाव लागतं, गावभर पेढे वाटून होतात आणि मग घरात खरा प्रश्न पडतो: पोराबरोबर द्यायचं काय? शाळेकडून यादी मिळते, पण ती चार ओळींची असते. पुढे लिहिलंय ते जवाहर नवोदय विद्यालयांत, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांत, सहावी ते बारावी काढलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांचं एकत्रित शहाणपण आहे. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. त्यामुळे महाराष्ट्रात आता नवोदयमध्ये शिकलेले आईबापही पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरातलं पहिलंच पोर चाललंय, त्यांच्यासाठी हे लिखाण.

प्रवेश परीक्षेबद्दल इथे काही सांगत नाही. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, हे तुम्ही पार करून आलात. राहणं, जेवण, गणवेश, अंथरूण-पांघरूण, पाठ्यपुस्तकं यांचा खर्च शाळेचा. नववीपासून काही मुलांकडून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमातीची आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं यांना तोही माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांना दर जास्त आहे. तेव्हा पैशाची चिंता बाजूला ठेवा आणि पेटीकडे या.

पेटी पत्र्याचीच घ्या. चाकांची सुटकेस दिसायला छान, पण हॉस्टेलमध्ये तिची चेन पहिल्या सत्रातच तुटते, आणि कापडी बॅग उंदीर कुरतडतात. पेटी अडीच ते तीन फूट लांब असावी आणि उंचीला फुटापेक्षा कमी, कारण ती खाटेखाली सरकवायची असते. उंच पेटी दोन खाटांच्या मधे राहते, तिच्यावर सगळे बसतात आणि महिन्याभरात झाकणाला पोचा येऊन कडी लागेनाशी होते. कुलूप किल्लीचं, पितळी. आकड्यांचं कुलूप नको. आठवड्याभरात अख्ख्या डॉर्मिटरीला नंबर पाठ होतो. किल्ल्या निदान दोन हव्यात: एक पोराच्या गळ्यात किंवा करगोट्याला, दुसरी हाउस मास्टरांकडे (हॉस्टेलमधल्या मुलांच्या गटाला हाउस म्हणतात, त्याची देखरेख करणारे शिक्षक ते हाउस मास्टर). दोन्ही किल्ल्या एकाच रिंगमध्ये अडकवून देणारे पालक दरवर्षी निघतात आणि दरवर्षी कुणाची तरी कडी करवतीने कापावी लागते.

प्रत्येक वस्तूवर खूण हवी. शाईने कॉलरवर लिहिलेलं नाव सात-आठ धुण्यांत फिकट होतं. सगळ्यात टिकाऊ म्हणजे काळ्या किंवा लाल दोऱ्याने शिवलेला आकडा: शर्टाला कॉलरच्या आत, पँटला पट्ट्याच्या आतल्या बाजूला, मोज्याला वरच्या काठावर. जुने परीट बिब्ब्याची खूण करत. ती जात नाही हे खरं, पण नाजूक कातडीवर उतते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. ताट, वाटी, पेला, चमचा यांवर भांड्यांच्या दुकानात नाव घालून घ्या, आणि ते काठाच्या बाहेरच्या बाजूला. बुडावर घातलेलं नाव राखेने-घासणीने घासून पुसट होतं. बादलीवर ऑइल पेंटने. बादली १३ ते १५ लिटरची पुरे. मोठी भरली तर सहावीच्या पोराला नळापासून उचलून नेता येत नाही.

आता कपडे. इथे बहुतेक पालकांचा अंदाज चुकतो. नवी मुलं शाळेत येतात ती साधारण पावसाळ्याच्या तोंडावर किंवा भर पावसात. गणवेश शाळा देते, पण मिळायला कधीकधी थोडा उशीर होतो. तोवर घरचे चार जोड लागतात. रंगीत कपडे त्याहून जास्त देऊ नका, पेटीत जागा नसते. आतले कपडे मात्र चार जोड देऊन भागत नाही, आठ द्या. कारण असं: जुलै-ऑगस्टमध्ये व्हरांड्यातल्या दोरीवर कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, पोरं ओलेच चढवतात, आणि जांघेत गजकर्ण होतं. ते सांगायची लाज वाटते म्हणून पोर गप्प राहतं. मग शेजारच्याकडची कुठलीतरी ट्यूब लावतं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असलं तर खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा दुप्पट पसरतो. टॉवेल दोन, जाड टर्किश नको, पातळ पंचा उत्तम. तो दोन तासांत वाळतो.

कपडे धुण्याची सवय घरीच लावा, निघण्याआधी निदान पंधरा दिवस. पावडरीत अर्धा तास भिजवणं, कॉलर, बाही आणि पँटचा खालचा काठ एवढंच ब्रशने घासणं, दोनदा खळबळणं, पिळून झटकून उलटं वाळत घालणं. नवी मुलं साबण लावतात भरपूर आणि खळबळतात एकदाच. तो साबण कपड्यात राहतो आणि घामाने अंग खाजतं. धुण्याचे दिवस वाटून घ्यावेत: रोज आंघोळीबरोबर आतले कपडे आणि मोजे, मोठं धुणं रविवारी. सगळं रविवारवर टाकलं की दोरीवर जागा मिळत नाही.

खरजेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात तेव्हा मेसची रांग, पहाटेची शिट्टी, दिवे गेल्यावरच्या गप्पा हे सगळं उमाळ्याने निघतं. खरूज कुणी काढत नाही. पण ती प्रत्येक बॅचला झालेली असते. ती एका सूक्ष्म किडीमुळे होते, अस्वच्छतेमुळे नव्हे. एकाच खाटेवर बसणं, एकमेकांची पांघरुणं-कपडे वापरणं एवढं तिला पुरतं. पहिल्यांदा होते तेव्हा लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात, म्हणजे एकाला कळेपर्यंत ती दहांकडे पोचलेली असते. रात्री खाज वाढणं आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर बारीक पुटकुळ्या येणं ही ओळखायची खूण. डॉक्टर सहसा पाच टक्के परमेथ्रिन देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावून आठ ते चौदा तास ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. फक्त पुटकुळ्यांवर लावलं तर उपयोग नाही, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं नाही तरीही उपयोग नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आलं आणि खाजवताना दिसलं, तर घरातल्या सगळ्यांनीच उपचार घ्या आणि हाउस मास्टरांना कळवा. एकट्याला बरं करून परत पाठवलं तर ते तिथे पुन्हा घेऊन बसतं.

औषधं पेटीत ठेवू नयेत. दमा, फिट्स, ॲलर्जी काहीही असलं तर कागदावर लिहून, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह, शाळेच्या नर्सबाईंकडे द्या आणि हाउस मास्टरांनाही सांगा. इनहेलर तेवढा पोराजवळ. झोपेत अंथरूण ओलं होत असेल तर तेही लपवू नका. हाउस मास्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की ते कोपऱ्यातली खाट देतात. तुम्ही गादीखाली घालायला मेणकापड आणि दोन जादा चादरी द्या. न सांगितल्यास ही गोष्ट डॉर्मिटरीला पहाटे साडेपाचला कळते, आणि ते फार वाईट.

दिवस साधारण असा जातो. शाळेशाळेत अर्ध्या तासाचा फरक. पाच-साडेपाचला शिट्टी, पीटी, आंघोळ, नाश्ता, प्रार्थना, तास, जेवण, थोडी विश्रांती, पाच वाजता मैदान, मग संध्याकाळचा अभ्यास, आठच्या सुमाराला जेवण, रात्रीची हजेरी, दहाला दिवे बंद. यातली चिंचोळी जागा एकच: पीटी ते नाश्ता. तेवढ्यात सगळं हाउस एकदम नळावर. म्हणून जुनी मुलं मैदानावरून आल्यावर संध्याकाळीच आंघोळ उरकतात किंवा शिट्टीच्या वीस मिनिटं आधी उठून मोकळी होतात. नव्यांना हे कुणी सांगत नाही. ते रांगेत उभे राहतात, नाश्ता हुकतो आणि अकरा वाजता वर्गात पेंगतात.

मेसच्या जेवणाला नावं ठेवणं हा हॉस्टेलचा सनातन छंद आहे. खरी अडचण चवीची नसते, वेळेची असते. हळू जेवणाऱ्या पोराला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उशीर होतो. घरी पंधरा-वीस मिनिटांत जेवायची सवय लावा, आणि भात-वरण-पोळी-भाजी यातलं काहीही ताटात आलं तर खायचं, एवढं एक शिकवा. घरून खाऊ देताना प्रमाण सांभाळा. पाच किलो चिवडा दिला तरी तो एका संध्याकाळी संपतो, कारण एकट्याने खाण्याची तिथे रीत नाही आणि ती नसावीच. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी पाव किलो, घट्ट झाकणाच्या डब्यात, महिनाभर पुरते. ओल्या खोबऱ्याचं काही देऊ नका. लाडू दिलेत तर पहिल्या दोन दिवसांत वाटून टाकायला सांगा, नाहीतर पेटीत मुंग्या होतात आणि त्या कपड्यांत शिरतात. तूप उन्हाळ्यात पातळ होऊन झाकणातून पाझरतं. द्यायचंच तर डबा पिशवीत गुंडाळून उभा ठेवा.

अभ्यासाबद्दल एक धक्का आधीच पचवून ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम पहिलं येणारं तुमचं पोर पहिल्या घटक चाचणीत तिसावं येईल. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं, ४०-४० च्या दोन तुकड्या, आणि जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला. कुणीतरी तिसावा असणारच. या वेळी घरून फोनवर “तिथे जाऊन काय दिवे लावतोस?” असं आलं की पोर मिटतं, आणि पुढचे दोन महिने गुण नव्हे, पोरच घसरत जातं. दुसरी अडचण भाषेची. सुरुवातीला मराठीतून शिकवतात, पण आठवीच्या आसपास गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून सुरू होतं. सहावी-सातवीच्या दोन वर्षांत रोज इंग्रजीतून दोन गणितं वहीत सोडवायची सवय केली तर आठवी जड जात नाही. शिकवणी तिथे नसते, संध्याकाळचा अभ्यास शिक्षकांच्या देखरेखीखाली होतो. त्या दोन तासांत शंका विचारणारं पोर पुढे जातं. पाठ करत बसणारं मागे पडतं, मग हुशारी कितीही असो.

घरची आठवण पहिल्या तीन-चार दिवसांत फारशी येत नाही. सगळं नवं असतं. ती दाटते दुसऱ्या आठवड्यात, आणि विशेषतः रविवारी दुपारी, जेव्हा इतरांचे आईबाप आलेले असतात. या काळात पोर फोनवर “मला घेऊन जा” म्हणतं. मोबाइल ठेवायला बंदी असते, त्यामुळे हा फोन शाळेच्या व्यवस्थेतून, ठरल्या वेळी, पाठीमागे रांग असताना आलेला असतो. “बरं, बघू” असं कधीही म्हणू नका. त्या दोन शब्दांवर पोर आठवडाभर लटकतं, कशात मन घालत नाही. “पुढच्या भेटीच्या रविवारी येतो, येताना काय आणू?” हे बरं. पहिली भेट दोन आठवड्यांच्या आत नको. दोनदा रडून तिसऱ्या दिवशी घरी नेलेली मुलं परत आली तरी त्यांची गिनती पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि बरीचशी दाखला काढूनच जातात. काही मुलांना हे जगणं खरोखर मानवत नाही, ते दिवाळीपर्यंत कळतं. तोवर थांबा. दिवाळीनंतरचं परत जाणं पहिल्या जाण्यापेक्षा अवघड असतं. शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळीच पोचवा, संध्याकाळी नको.

न्यायला-भेटायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो शाळा आधीच नोंदवून घेते. तिथे आईबाबांबरोबर एखाद्या मामा-काकाचंही नाव घाला. नाव नसेल तर सख्खा मामा असला तरी पोराला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मोठ्या मुलांना नवोदयमध्ये बहुतेक ठिकाणी भैया आणि दीदी म्हणतात, महाराष्ट्रातल्या शाळांतसुद्धा. चांगला हाउस कॅप्टन लाभला तर नव्या पोराचं अर्धं काम होतं. पण मर्यादा पोराला आधीच समजावून द्या: झाडण्याची पाळी, ताटं मोजणं, मैदान आखणं ही सगळ्यांची कामं, एखाद्याचे कपडे धुणं, अंग दाबणं, रात्री उठवून नाचायला लावणं हे काम नव्हे. ते रॅगिंग. सांगायचं कुणाला, याची दोन नावं पोराला पाठ हवीत.

आठवी संपता संपता स्थलांतराची यादी लागते. नववीतली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयला जातात, तिकडची इकडे येतात. आपल्याकडची मुलं सहसा हिंदी पट्ट्यात जातात. प्रवासात शिक्षक सोबत असतात आणि खर्च शाळेचा असतो. घाबरण्याचं कारण थंडीचं आहे: उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत आपल्या एका स्वेटरने निभत नाही. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, कानटोपी आणि एक खरंच जाड जॅकेट दिवाळीच्या सुट्टीत देऊन टाका, कारण नंतर पार्सल वेळेत पोचेलच असं नाही. मोहरीच्या तेलातली भाजी पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरत नाही. त्या दिवसांसाठी कोरड्या चटणीचा डबा या वेळी अर्ध्या किलोचा करा.