औषध लक्षात राहत नाही? आधी आजाराची साखळी काढा

बी.एस्सी. नर्सिंगला फार्माकॉलॉजी (औषधांचा अभ्यास) आणि पॅथॉलॉजी (आजारांचा अभ्यास) एकदमच अंगावर येतात. बहुतेकजणी दोन वेगळ्या वह्या घालतात आणि तिथंच गाडं अडतं. वही एकच ठेवा.

सुरुवात पोस्टिंगमधल्या, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीवरच्या, एखाद्या पेशंटपासून करा. समजा, हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणारे, आजोबा आहेत. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून उचलला की खळगा तसाच राहतो. वहीत पहिली ओळ हीच लिहा. खाली प्रश्न लिहा: हे पाणी इथं आलं कुठून?

आता मागं मागं जा. हृदयाचा जोर कमी पडला, म्हणून मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेलं. पुण्यात नळाची धार बारीक झाली की खडकवासला भरलंय का हे कुणी बघत बसत नाही, घरातली पिंपं-पातेली भरून ठेवतात. मूत्रपिंडही तेच करतं. ते रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं, त्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक बनतं, मग अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक वाढतं. मीठ आणि पाणी अंगात साठतं आणि दमलेल्या हृदयावर आणखी भार येतो. ही साखळी बाण काढत लिहा. अख्खं पान गेलं तरी जाऊ द्या.

औषधाचा नंबर यानंतर. ते ज्या कडीवर काम करतं, तिथंच लाल पेनानं लिहायचं. एनालाप्रिल अँजिओटेन्सिन-२ तयार होणं कमी करतं. फ्युरोसेमाइड, म्हणजे वॉर्डातलं लॅसिक्स, हेन्लेच्या लूपमध्ये (मूत्रपिंडातल्या बारीक नळीचं वळण) मीठ परत शोषू देत नाही. मिठामागं पाणी लघवीतून जातं, आणि पोटॅशियमसुद्धा.

इथं घाई करू नका, नर्सचं डोकं इथंच लागतं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ mEq/L च्या खाली गेलं आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषधही चालू असलं, तर डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. म्हणून रिपोर्ट बघायचा. डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. मोठ्या माणसात ६० पेक्षा कमी भरले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मळमळ होते का, सगळं पिवळट दिसतं का, हेही विचारायचं.

रोजचं वजन, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) हे सगळं त्याच पानावर येऊ द्या.

शेवटी वही मिटा आणि मैत्रिणीला आजोबा करून समोर बसवा. तिनं विचारायचं, "सिस्टर, ही लघवीची गोळी सकाळीच का देता?" रात्री दिली तर सारखं उठावं लागेल, अंधारात तोल जाईल, हे तुम्हाला न अडखळता साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. अडखळलात तर साखळीतली ती कडी पुन्हा काढा.