डायनामाइट ८ : दांडा दाबण्याआधी

पॅनासोनिकच्या डायनामाइट ८ या जुन्या एट-ट्रॅक टेप प्लेअरचा वरचा दांडा पाहिला की हात शिवशिवतात, पण आधी कार्ट्रिज, म्हणजे फितीची डबी, तपासा. एट-ट्रॅकची फीत म्हणजे पाव इंच रुंदीचं अखंड वेटोळं. तिच्या जोडावरची धातूची पट्टी सेन्सरसमोर आली की फीत वाचणारं हेड पुढच्या प्रोग्रॅमवर, म्हणजे फितीवरच्या शेजारच्या ध्वनिपट्ट्यांवर, सरकतं; असे ४ प्रोग्रॅम. जुना जोड सुटला तर फीत आत ओढली जाते आणि कार्ट्रिज उघडावंच लागतं. म्हणून मी पट्टी आणि फितीमागचा स्पंज आधीच बदलते. रबरी रोलर कार्ट्रिजमध्येच असतो. तो चिकट झाला असेल तर कार्ट्रिज लावूच नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

आता दांडा दाबा! प्रत्येक दाबाला प्रोग्रॅम बदलेल. रिवाइंड मात्र नाही. ऐकून झालं की कार्ट्रिज बाहेर काढा, नाहीतर रोलरला खड्डा पडतो.