जिप्सम बोर्डाचं छत : या चुका टाळा

छताला भेग गेली की पहिला आळ बोर्डावर येतो. ‘माल हलका लावला’ म्हणून ठेकेदाराशी भांडण होतं. साडेबारा मिलीमीटरचा नेहमीचा बोर्ड सहसा निर्दोष असतो. गडबड असते तो ज्याला लागतो त्या वरच्या लोखंडी सांगाड्यात, आणि सांध्यांत.

आधी वजनाचा हिशेब करा. ६ बाय ४ फुटांचा एक बोर्ड १८ ते २० किलोचा. १० बाय १२च्या खोलीला पाच लागतात, तुटफूट धरून सहा आणायचे. म्हणजे नुसता बोर्डच जवळजवळ शंभर किलो. इंटरमीडिएट चॅनेल (सांगाड्याच्या वरच्या मुख्य पट्ट्या) ४-४ फुटांवर आणि त्यांना स्लॅबला टांगून धरणाऱ्या लोखंडी पत्त्याही ४-४ फुटांवर असतील, तर एकेका पत्तीवर सांगाड्यासकट पंधरा-सोळा किलो येतात, तेही कायमचे. तरी भोकात लाकडी गुट्टी ठोकून त्यात खिळा मारणारे कारागीर अजून भेटतात. गुट्टी सुकते, आकसते, सैल होते. स्लॅबला लोखंडी अँकर फास्टनरच (भोकात फुलून पक्का बसणारा बोल्ट) हवा, आणि त्याचं भोक प्लास्टर ओलांडून काँक्रीटमध्ये गेलेलं हवं. जुन्या घरांत प्लास्टरच एकेक इंच जाड असतं. ड्रिल मध्येच भसकन आत गेलं तर ते भोक सोडून द्या, तीन इंच सरकून दुसरं पाडा. बोर्ड चढवण्याआधी प्रत्येक पत्तीला हाताने जोरात हिसका द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते करताना कोणी दिसत नाही.

सीलिंग सेक्शन, म्हणजे चॅनेलखालच्या ज्या आडव्या पट्ट्यांना बोर्ड स्क्रूने लागतो त्या, १८ इंचांवर. ‘दोन फुटांवर चालतं, दोन सेक्शन वाचतात’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ७२ इंचांच्या बोर्डात १८ इंचांचे चार गाळे बरोबर बसतात, दोन्ही टोकं सेक्शनवर येतात आणि मधे झोळ पडत नाही. अर्थात बोर्ड सेक्शनला आडवा लावला तरच. सेक्शनच्या दिशेनेच बोर्ड लावला की चार फुटांची रुंदी १८च्या हिशेबात बसत नाही आणि एक कड अधांतरी राहते. मग ती कड पुट्टीने ‘सांभाळली’ जाते.

आता भेगांकडे. बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एका जुन्या घराची गोष्ट. वरच्या माडीला कडीपाटाचं छत, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या; त्याखाली जिप्सम लावून मुलीसाठी अभ्यासाची खोली करायची होती. काम श्रावणात सुरू झालं आणि गणपतीला सहा दिवस उरले तेव्हा बोर्ड नुकते चढले होते. कारागीर म्हणाला, “काका, सांध्यांत पुट्टी मारून देतो, उद्या रंग.” काकांना पाहुण्यांची काळजी, त्यांनी मान डोलावली. गणपतीत छत आरशासारखं दिसलं. दिवाळीच्या सफाईत मात्र प्रत्येक सहा फुटी सांध्यावर केसाएवढी सरळ रेघ, आणि भिंतीच्या कडेने चारी बाजूंना वाकडीतिकडी चीर.

यात तीन चुका एकात एक अडकल्या होत्या. पहिली, सांध्यांत टेप नव्हती. व्हाइट सिमेंटची पुट्टी कडक असते, बोर्ड थोडा जरी हलला तरी ती तडकते. सांध्याला जॉइंटिंग कंपाउंड आणि कागदी टेपच लागते. दुसरी, घाई. पावसाळ्यातल्या दमट हवेत पहिला हात वरून सुकलेला दिसतो, आत ओलाच असतो. त्यावर दुसरा चढवला की दोन्ही नंतर आकसतात. तिसरी चूक सगळ्यांत कमी लोकांना कळते : पावसात कड्या फुगतात, थंडीत आकसतात. बोर्ड भिंतीला घट्ट भिडवून फट पुट्टीने बुजवली की ती हालचाल नेमकी तिथे फुटून बाहेर पडते.

कडीपाटाखाली काम करायचं तर आधी प्रत्येक कडीत टोचा मारून वाळवी बघा. पत्ती कडीच्या कुशीला लावायची, लाकडात मारायच्या दोन इंची दोन स्क्रूंनी. खालून एक खिळा ठोकून नव्हे. बोर्ड आणि भिंत यांच्यात ८-१० मिलीमीटर फट ठेवा आणि ती झाकणारी कॉर्निसची पट्टी फक्त भिंतीला धरा. मग छत हलेल, पण चीर दिसणार नाही.

सांध्याचा क्रम असा : दोन बोर्डांच्या उतार असलेल्या कडा जुळून होणाऱ्या खाचेत कंपाउंड, त्यावर टेप, पट्टीने दाबून जास्तीचा माल बाहेर. सुकू द्या. दुसरा हात सात-आठ इंच रुंद. सुकू द्या. तिसरा दहा-बारा इंच, मग हलका सँडपेपर. उन्हाळ्यात दोन हातांमध्ये एक दिवस, पावसात दोन. कापलेल्या कडांच्या सांध्याला खाच नसते, म्हणून तिथे ब्लेडने कड तिरकी तासून घ्या आणि हात आणखी रुंद फिरवा. मुहूर्त जवळ असेल तर छत तसंच राहू द्या, वर कापड ताणून मखर सजवा. सांध्यांवर बळजबरी नको.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चार बोर्डांची टोकं एका ठिकाणी आणू नका. विटांसारखे सांधे चुकवा.

स्क्रू २५ मिलीमीटरचे, ९ इंचांवर, एका बोर्डाला तीसेक. कापलेल्या कडेपासून अर्धा इंच तरी आत. डोकं कागदाच्या किंचित खाली बसलं पाहिजे. कागद फाटला तर तो स्क्रू मेला समजा, दोन इंचांवर नवा मारा. नंतर ओळीने गोल फुगवटे दिसू लागले तर त्याचं कारण बहुधा हेच असतं.

प्रायमर न मारता रंग दिला की तिरप्या उजेडात सांधेन्‌सांधे दिसतात, कारण कागद आणि कंपाउंड रंग सारखा पीत नाहीत.

बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले की वाकतात. आडवे, सपाट ठेवा.

पंखा सांगाड्याला टांगणाऱ्याला काय म्हणावं! पंखा हुकाला, हुक स्लॅबला किंवा तुळईला. बोर्डातलं भोक दांडीपेक्षा मोठं ठेवा, म्हणजे पंख्याची थरथर बोर्डात उतरत नाही.

आणि गच्ची. वर गच्ची असेल तर बोर्ड आणण्याआधी पाणी जायची नळकांडी बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवा आणि खालून बघा. बोर्ड लागल्यावर गळती महिनोन्‌महिने कळत नाही, वरच्या वर मुरत राहते. पुढे कधी तपकिरी कडा असलेला डाग किंवा खाली आलेला फुगवटा दिसला, तर आधी त्या भागाच्या दिव्यांची लाइन बंद करा. मग बादली धरून फुगवट्याच्या मध्यात स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, साठलेलं पाणी काढा आणि तो बोर्ड उतरवा. डागावर रंग मारू नका, आणि गळती सापडेपर्यंत नवा बोर्डही चढवू नका.