शिरेतून अन्न देताना: रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी काय पाहावं

"डॉक्टरांनु, आवशीक (आईला) एक सलायन लावा, जरा ताकद येयत." सिंधुदुर्गात नर्सचं काम करताना हे मी सतत ऐकते. पण अशा वेळी लावतात त्या 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरपाण्याच्या, 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे जास्तीत जास्त 100 कॅलरी. प्रथिनं नाहीत, स्निग्ध काही नाही. वाटीभर मऊ आटवल, म्हणजे गुरगुट्या भात, आणि चमचाभर तूप पोटात गेलं, तर त्यापेक्षा जास्त मिळतं.

शिरेतून पूर्ण पोषण, ज्याला डॉक्टर टीपीएन म्हणतात, ही वेगळी गोष्ट. त्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात. ते घट्ट असल्यामुळे बहुतेक वेळा मानेजवळच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून देतात.

आधी विचारा: आतडं चालतंय का?
चालत असेल तर तोंडावाटे, नाहीतर नाकातल्या नळीने अन्न देणं जास्त सुरक्षित. आतड्यात अडथळा, आतड्याचा मोठा भाग काढलेला, जखमेतून आतड्याची गळती, फार लवकर जन्मलेलं बाळ अशांसाठी टीपीएन जीव वाचवतं. नुसत्या अशक्तपणासाठी मागू नका.

काहीही लपवू नका
रुग्ण किती दिवस जेवला नाही, हे नेमकं सांगा. पाच-सात दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर पोषण दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून सुरुवात थोडक्याने करतात आणि आधी थायमिन (जीवनसत्त्व ब1) देतात. या रक्ततपासण्या इथे रोजच्या रोज होतात का, हेही विचारा. होत नसतील तर कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी किंवा मुंबईला हलवायचं का, हे सुरुवातीलाच ठरवा. भर पावसात, रात्री घाट चढायची वेळ येऊ देऊ नका. मधुमेह असेल तर सांगाच. अंडं, सोयाबीन किंवा मासे सोसत नसतील तेही सांगा, कारण पिशवीतल्या तेलात यातलं काही असू शकतं.

पिशवी उजेडात धरून पाहा
स्निग्ध मिसळलेली पिशवी दुधासारखी एकसारखी पांढरी दिसते. वर पिवळट तेल तरंगत असेल, कण दिसत असतील किंवा पिशवी ओलसर लागत असेल, तर लावू देऊ नका, नर्सला दाखवा. लावलेली पिशवी 24 तासांच्या आत संपली पाहिजे. उरली तर टाकून द्यायची, फ्रीजमध्ये परत ठेवायची नाही.

नळीला हात कमी, तेही धुतलेले
सगळ्यात मोठा धोका जंतुसंसर्गाचा. नर्सने जोडणीचं तोंड स्पिरिटने किमान 15 सेकंद घासून, वाळू देऊन मगच नळी जोडावी. आमच्या दमट हवेत ड्रेसिंग घामाने सुटतं. कड उचललेली दिसली की लगेच सांगा, वरून चिकटपट्टी मारू नका. त्याच नळीतून रक्त काढणं किंवा दुसरं इंजेक्शन देणं शक्यतो टाळावं.

वीज गेली तर
वादळात, मुसळधार पावसात वीज तासन्‌तास जाते. पिशवी ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या पंपाची बॅटरी किती वेळ चालते, ते आधीच विचारून ठेवा. एकदा बॅटरी संपून पंप थांबला होता. वीज आल्यावर मुलाने "मागे पडलंय" म्हणून वेग वाढवला आणि आईची साखर भडकली. मागे पडलं तर पडू द्या, वेग डॉक्टरच ठरवतील. पिशवी अचानक बंद पडली तर साखर उतरूही शकते. घाम, थरथर, गुंगी दिसली की ताबडतोब हाक मारा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका
पिशवी सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप, श्वास लागणं, छातीत दुखणं, मान किंवा हात सुजणं, नळीजवळ लाली किंवा पू, अंगावर सूज, डोळे पिवळे. यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. रोजचं वजन, लघवीचं माप आणि दर सहा तासांची साखर एका वहीत लिहून ठेवा.

त्याच वहीत रोज एक प्रश्नही लिहा: "तोंडावाटे कधी सुरू करायचं?" डॉक्टरांनी हो म्हटलं की सांगितलेले तेवढेच चमचे पेज द्या. जसजसं पचेल तसतशी पिशवी ते कमी करत नेतील.