कुत्र्यासह ब्रिटनला परतताना: टेपवर्मची गोळी

मोटरहोमने फ्रान्स फिरून कुत्र्यासह ब्रिटनला परतणाऱ्या जोडप्यांची शेवटी धावपळ होते ती टेपवर्मच्या, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंतावरच्या, गोळीपायी. ही गोळी ब्रिटनला पोचण्याच्या किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास आधी, पशुवैद्याकडूनच द्यावी लागते.

१. फेरी बोटीच्या पोचण्याच्या वेळेपासून मागे मोजा आणि साधारण तीन दिवस आधीची अपॉइंटमेंट घ्या. बोट एक दिवस पुढे गेली तरी गोळी चालते.

२. बोट पकडायचं कॅले बंदर गाठेपर्यंत थांबू नका, वाटेतल्या मुक्कामाच्या गावातच जनावरांचा डॉक्टर बघा.

३. दवाखान्यातच कुत्र्याच्या प्रवासाचा कागद उघडून औषधाचं नाव, तारीख, सही-शिक्का आणि वेळ तपासा. तास मोजले जातात, त्यामुळे नुसती तारीख पुरत नाही.

घरून नेलेली गोळी स्वतः देऊ नका, ती धरली जात नाही.