मातीची खोली बांधायचीय? आधी एक रिकामी बरणी शोधा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या जुन्या घरामागे मातीची एक खोली घातली त्याला आता तीन पावसाळे झाले, तरी जो येतो तो पहिलं हेच विचारतो, गोव्यातल्या 3000 मिलीमीटर पावसात ही टिकणार काय. अरे, शेजारी आजोबांचं घर मातीचंच उभंय ना! सिमेंट करायला चुनखडी 1450 अंशांवर भाजतात, इथे माती नुसती उन्हात वाळते, भट्टीच नको.

माती आपल्याच जागेतली चालते पण वरची नको. मुळं-पाला असलेला फूटभर थर काढून माडांना घाला आणि खालची तांबडी घ्या. आता लोणच्याची काचेची बरणी तिसरा हिस्सा मातीने भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. रेती लगेच तळाला बसते, मग बारीक पूड, चिकणमाती सगळ्यात वर. ती साधारण पाचवा हिस्सा असली की बरं, जास्त असेल तर रेती मिसळा, नाहीतर भिंतीला भेगा जातात. अजून एक टेस्ट, ओल्या मातीची अंगठ्याएवढी जाड वळी करून टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची. 5 ते 15 सेंटीमीटरवर तुटली तर ठीक, आधीच तुटली तर रेती जास्त, तुटायचं नावच घेत नसेल तर चिकण जास्त.

पाया-जोतं चिऱ्यांचं, जमिनीपासून दीड-दोन फूट तरी वर, आणि कौलांचं छप्पर भिंतीबाहेर तीन फूट. या दोन गोष्टींत पैसे वाचवू नका. पंचायतीची परवानगी लागतेच, ते वेगळं सांगत नाही.

काम डिसेंबरात सुरू करा, कौलं मे संपायच्या आत चढली पाहिजेत. ताडपत्रीवर माती, पाणी आणि भाताचा पेंढा (आम्ही तण म्हणतो) टाकून पायांनी तुडवायचं, मध्येमध्ये ताडपत्रीचं टोक ओढून सगळं उलटवायचं, शेवटी तो लगदा वळकटीसारखा आख्खा गुंडाळला जातो, तेव्हा समजायचं झालं. गोळे करून दीड फूट जाड भिंत थापा, दिवसाला फूटभरच चढवा. आम्ही एकदा घाईत दोन फूट चढवली तर सकाळी खालचा भाग पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला, कोयत्याने तासावा लागला.

आणि वरून सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको. गवंड्याच्या आग्रहाने मी एका भिंतीला केलं, केसाएवढ्या भेगेतून पाणी शिरलं, बाहेर पडायला वाट नाही, दुसऱ्या पावसात पापुद्रा सुटला आणि आत माती शिऱ्यासारखी. आता तिथे माती, चुना आणि शेण. चवथीआधी एक हात सारवतो, आणि जूनमध्ये पश्चिमेच्या भिंतीला माडाची विणलेली झावळं बांधतो, पावसाचा मारा तिकडूनच येतो.